कॅसेटवाला टीव्ही गेम: आज घ्यावा का?

जळगाव-भुसावळच्या बाजारात आजही बिनब्रँडचा ‘टीव्ही गेम’ दिसतो. हा डबा म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम-यंत्राची नक्कल. मूळ यंत्र जुलै 1983 मध्ये जपानात आलं, त्याच सुमारास अमेरिकेत भारंभार निकृष्ट गेममुळे अटारी या बड्या गेम कंपनीसकट सगळा धंदा कोसळत होता. म्हणून 1985 ला तिथे उतरताना निन्टेंडोने यंत्रात कुलूप-चिप बसवली, परवान्याशिवाय गेमची कॅसेट चालेना. जपानी फॅमिकॉमला हे कुलूप नव्हतं. 60 पिनांची त्याचीच कॅसेट नकलांनी उचलली, ती आपल्याकडे आली.

डब्यावरच्या ‘9999 इन 1’ला भुलू नका. यादीत तेच ते मोजके गेम वेगळ्या नावांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. भरताचं वांगं हलकं असलं तर उत्तम; कॅसेट हलकी असली तर आत छोट्या सर्किटच्या पट्टीवर चिप झाकणारा काळ्या डांबरासारखा एक ठिपका, एवढंच. तरी खेळायला मजा येते, कारण जुन्या गेमची बांधणीच पक्की होती. पहिला सुपर मारिओ अख्खा 40 किलोबाइटांत बसवलेला आहे! एका ओळीत आठच्या वर आकृत्या आल्या की चित्र लुकलुकतं. तो बिघाड नाही, मूळ यंत्राचीच मर्यादा.

डब्यासोबतची खेळण्यातली बंदूक मात्र नव्या एलईडी टीव्हीवर चालणार नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करून सावजाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेला, एलईडीवर चित्र जरा उशिरा उमटतं. बंदुकीसाठी जास्त पैसे मोजू नका.

रिमोट (हातात धरून खेळायचा) 9 पिनांचा, काढता येणारा घ्या, कारण आधी तुटते ती वायर. टर्बो बटणं वेगळी आहेत ना, तेही बघा. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमचा 30 जीवांचा कोड (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) साध्या बटणांनीच द्या. टर्बो बी एका दाबात अनेकदा लागतं आणि कोड फसतो.

9 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या डब्यात साधारणतः 7805 रेग्युलेटर असतो. तो 5 व्होल्ट पुढे देतो, उरलेल्या 4 व्होल्टची नुसती उष्णता. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, त्यात धूळ नको म्हणून डब्यावर रुमाल टाकला की गेम अडकलाच समजा. अडॅप्टर बदलताना पिनेचं प्लस-मायनस डब्यावरच्या खुणेशी जुळवा.

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची सवय सोडा. थुंकीच्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, दोन मिनिटं सुकू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको.

टीव्हीचं चित्र 4:3 वर ठेवा, नाहीतर मारिओ पैलवानासारखा रुंद दिसतो. सुट्टीत दोन पोरांना एकत्र बसवायला डबा झकास. एकट्याने खेळायचं असेल तर घेऊ नका, मोठ्या गेमची प्रगती यात साठवून राहत नाही.