नवीन गाडीची डिलिव्हरी आणि टायर: कंपनीचेच ठेवायचे, त्याच साइजचे चांगले टाकायचे की जाड करायचे? (गोव्यातल्या रस्त्यांसाठी)

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा आणि टायरवरचाही जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ओळखीत बऱ्याच जणांच्या दारात नवीन गाडी आलीय किंवा यायचीय, आणि फिरून फिरून एकच प्रश्न येतो की टायर आहेत तेच राहू देऊ की डिलिव्हरीलाच बदलून घेऊ. माझं म्हणणं आधीच सांगतो. गोव्यात टायर निवडताना दोनच गोष्टी बघायच्या, ओल्या रस्त्यावरची पकड आणि साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या रबरी भिंतीची) उंची, बाकी रुंदी, दिसणं, मायलेज सगळं नंतर. आता हे का ते सविस्तर.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मुसळधार पावसापेक्षा मला भीती वाटते ती पहिल्या सरींची, कारण वर्षभर रस्त्यावर बसलेलं तेल, धूळ आणि आपली तांबडी माती भिजते आणि डिचोली-साखळी-उसगाव ह्या खाणपट्ट्यात तर ट्रकांच्या चाकांबरोबर आलेला चिखल असतोच, त्यावर नुसती रिमझिम झाली तरी रस्ता साबण लावल्यासारखा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे गावातले अरुंद रस्ते. समोरून बस आली की आपल्याला डावीकडे खाली उतरावं लागतं, आणि तिथे डांबर संपतं त्या कडेला खालून चिरा किंवा खडी वर आलेली असते. ती कड ट्रेडला (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाला) काही करत नाही, साइडवॉलला मात्र कापते.

डिलिव्हरीच्या आधी

टायर बदला नाहीतर ठेवा, गाडीवर आलेत ते कसे आहेत हे बघणं चुकत नाही, आणि ते रजिस्ट्रेशनच्या आधी बघायचं. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की मग डीलर "बघतो, कंपनीला मेल टाकतो" एवढंच म्हणतो. म्हणून पेमेंट पूर्ण करायच्या आधी यार्डात जाऊन पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी) करा, दिवसाउजेडी करा आणि पाऊस नसताना करा, कारण ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही आणि काळ्या टायरवर तर काहीच दिसत नाही.

टायरच्या बाजूला डीओटी म्हणून अक्षरं असतात, त्यांच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे. २३२५ असेल तर २०२५ सालचा २३ वा आठवडा. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे बाहेरून दिसला नाही तर तो आतल्या बाजूला आहे, मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली वाकून बघावं लागतं, लाज वाटून घेऊ नका. चारही टायरची कंपनी, मॉडेल आणि साइज एकच पाहिजे, तारखांमध्ये थोडे आठवडे पुढेमागे चालतात. टायर गाडीच्या उत्पादनाच्या महिन्यापेक्षा सात-आठ महिने जुना निघाला तर विचारा का ते. स्टेपनी विसरू नका, अलॉयवाल्या व्हेरिएंटला बऱ्याचदा स्टेपनी स्टीलची आणि छोट्या साइजची असते, आणि टायर ट्यूबलेस असून टीपीएमएस (टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा) आणि पंक्चर किट दिलं असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० पासून कंपन्यांना आहे, तेव्हा तुमच्या गाडीत आहे का हेच आधी विचारा. वाळपईच्या पुढे रात्री टायर फाटला तर किटमधला फेस काही कामाचा नाही, तो बारीक पंक्चरपुरताच.

मग साइडवॉलवरून हात फिरवा. खरंच हात फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो. ट्रेडवर रबराचे बारीक केस आणि रंगीत पट्टे थोडेफार शिल्लक असतील तर बरं, टायर गुळगुळीत झालेत आणि मीटर पंधरा किलोमीटर दाखवतोय असं असेल तर गाडी टेस्ट ड्राइव्हला वापरली होती का ते स्पष्ट विचारा. पिवळा किंवा लाल ठिपका दिसला तर घाबरू नका, ती कारखान्यातली खूण असते.

हवा पण बघा. यार्डात उभ्या गाड्यांत हवा मुद्दाम जास्त भरलेली असते, आणि तशीच गाडी हातात आली तर ती उड्या मारते आणि ओल्यात घसरते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तेवढीच हवा, टायर थंड असताना. नायट्रोजनसाठी पैसे मागितले तर द्यायलाच हवेत असं नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

पूजेच्या वेळी लिंबू ठेवायला चारही चाकांपाशी वाकायचंच असतं, तेव्हा परत एकदा बघून घ्या, यार्डात बघितलेलेच टायर आहेत ना.

पर्याय पहिला: कंपनीचेच ठेवणे

गाडीची कंपनी टायर निवडते तेव्हा तिला मायलेजचा आकडा, आवाज, वजन आणि किंमत सगळं सांभाळायचं असतं, त्यामुळे तो टायर वाईट नसतो, फक्त ओल्या रस्त्यासाठी खास नसतो. पण नवीन टायरला सात-आठ मिलिमीटर ट्रेड असतो आणि पाणी बाहेर टाकायचं काम ट्रेडची खोलीच करते, म्हणजे पहिल्या पावसाळ्यात कुठलाही धड टायर बऱ्यापैकी चालतो. फरक पडायला लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण माझ्या मते गोव्यात मे महिन्यात ३ मिलिमीटरच्या खाली टायर दिसला की जूनच्या आधी बदलावा.

तुम्ही म्हापसा-पणजी-मडगाव असं हायवेवरच असाल, मांडवीवरचा अटल सेतू आणि झुआरीचा नवीन पूल हाच तुमचा रोजचा रस्ता असेल, तर सरळ हाच पर्याय घ्या आणि वाचलेले पैसे दोन-तीन वर्षांनी चांगल्या टायरला घाला. एकच गोष्ट करून बघा. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या लॉटमध्ये दोन-तीन कंपन्यांचे टायर येतात, यार्डात तुमच्या रंगाच्या दोन गाड्या उभ्या असतील तर "ती दुसरी द्या" म्हणायला काहीच हरकत नाही. बहुतेक वेळा नाही म्हणतील, पण गाडी अजून कुणाच्या नावावर लागली नसेल तर ऐकतातही.

आणि टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही, त्यामुळे काही झालं तर शोरूमशी भांडत बसू नका, त्या टायर कंपनीच्या डीलरकडे बिल घेऊन जा.

पर्याय दुसरा: त्याच साइजचे, पण चांगले

सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात राहणारे किंवा चोर्ला नाहीतर अनमोड घाटातून बेळगावची नियमित ये-जा असणारे, त्यांनी हा विचार जरूर करावा, मला विचाराल तर पैसे घालायची हीच जागा. घाटात धुकं, वळणावर वाहतं पाणी, झाडाचा पाला, आणि समोर लोड घेऊन उतरणारा ट्रक, इथे ब्रेक दाबल्यावर गाडी दोन-चार मीटर आधी थांबली तर त्याची किंमत टायरच्या बिलात मोजता येत नाही.

नावं घ्यायची तर पकड आणि शांतपणा ह्यासाठी मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, योकोहामा ब्लूअर्थ जीटी, गुडइयर अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, आणि थोडं कमी बजेट असेल तर सिएट सेक्युराड्राइव्ह, अपोलो अल्नॅक ४जी ही मंडळी बघा. दुसऱ्या बाजूला अपोलो अमेझर ४जी लाइफ, सिएट मायलेझ एक्स३, एमआरएफ झेडएलएक्स हे जास्त किलोमीटर चालण्यासाठी घेतले जातात, टॅक्सीवाले तेच घेतात आणि त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. फोंड्याकडे उसगावचा एमआरएफचा कारखाना दारात असल्यामुळे एमआरएफशिवाय लोक दुसरं नाव घेत नाहीत, टायर टणक आणि टिकाऊ असतो हे खरंच, पण टिकाऊ रबर आणि ओल्यात चिकटणारं रबर ह्यात थोडंफार एक घ्या एक सोडा असतंच. तुमची साइज मिळते का ते आधी फोन करून विचारा, १४ इंचाला चांगल्या टायरमध्ये निवड फार कमी राहिलीय.

व्यवहार कसा करायचा ते महत्त्वाचं. काढलेल्या टायरना भाव गाडी नवीन असतानाच मिळतो, हजार किलोमीटर चालवली की दुकानदार लगेच खाली येतो. म्हणून डिलिव्हरीच्या आधीच म्हापसा, फोंडा, मडगाव जिथे जवळ असेल तिथे दोन-तीन टायरवाल्यांना "नवीन टायर अधिक बॅलन्सिंग अधिक अलाइनमेंट अधिक वॉल्व्ह, वजा जुने चार" असा एकच आकडा विचारा, म्हणजे तुलना करता येते. नुसता टायरचा भाव विचारलात तर प्रत्येक जण वेगळं काहीतरी बाहेर ठेवतो. शोरूममधून बदलून घेणं सोयीचं असतं, पण जुन्यांची किंमत तिथे बाहेरच्यापेक्षा कमीच धरली जाते असं माझ्या बघण्यात आहे. नवीन टायरचीही तारीख बघा, दुकानात वर्षभर पडलेला माल स्वस्त दिला तर मगच घ्या.

आणि नवीन टायरवर साच्यातून निघतानाचा बुळबुळीत थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो झिजेपर्यंत पावसात जपून. चवथीच्या गर्दीत नवीन गाडी, नवीन टायर आणि मागे माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान भरून घाट चढताय तर हे लक्षात ठेवाच.

पर्याय तिसरा: जाड (म्हणजे रुंद) किंवा मोठे करणे

इथे आकडे बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ येतो (१६५ मिलिमीटर रुंदी, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, १४ इंचाचा रिम), वरच्याला १८५/६५ आर१५, आणि बलेनोच्या वरच्या व्हेरिएंटला १९५/५५ आर१६. तिन्हींचा एकूण व्यास काढला तर अनुक्रमे सुमारे ६२०, ६२१ आणि ६२१ मिलिमीटर, म्हणजे चाक बाहेरून तेवढंच. मग बदललं काय? साइडवॉल. १३२ मिलिमीटर, १२० आणि १०७. खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा रिमला वाचवणारं रबर १४ इंचाच्या चाकावर १६ पेक्षा २५ मिलिमीटर जास्त आहे. शोरूममध्ये १६ इंची अलॉय दिसायला झकास, पण साखळीच्या पुढे राहणाऱ्या माणसाने खालचं व्हेरिएंट घेतलं म्हणून वाईट वाटून घेऊ नये, चाकाच्या बाबतीत त्याला रस्त्याला शोभणारी गोष्ट मिळालीय.

१४ वाल्याला १६५ ची रुंदी अगदीच कमी वाटत असेल तर त्याच स्टीलच्या रिमवर १८५/७० आर१४ बसतो का ते टायरवाल्याकडून रिमची रुंदी बघून नक्की करा, व्यास फक्त ५ मिलिमीटरने कमी होतो, साइडवॉल जवळजवळ तेवढीच राहते आणि कोरड्या रस्त्यावर गाडी जास्त बसून चालते. एवढा बदल मला पटतो. १५ वाले १९५/६५ करतात, त्याचा व्यास २ टक्क्यांनी वाढतो, मीटरवर १०० असताना गाडी १०२ ने जाते, तेही ठीक, पण पिकअप थोडा मंदावतो आणि स्टेपनी जुन्याच साइजची राहते. ह्याच्या पुढे जाऊन १७ इंची अलॉय आणि पातळ (म्हणजे कमी साइडवॉलचे) टायर टाकणं गोव्यात तरी मी कुणालाही सुचवणार नाही. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि गाडी आपल्या हातात राहत नाही. आणि पातळ टायर खड्ड्यात आपटला की रिम आणि खड्ड्याची कड ह्यांच्यात चिमटतो, आतले दोरे तुटतात, बाहेरून अंड्याएवढा फुगा येतो. त्या फुग्यावर दाबलं तर मऊ लागतं, आत फक्त रबराचा पडदा उरलेला असतो. त्याला दुरुस्ती नाही, टायर फेकायचाच.

साइज बदलताना लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी घेऊ नका. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. वेगाचं अक्षर पण तसंच, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०. कंपनीच्या पुस्तकात नसलेली साइज टाकली तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि सस्पेन्शनच्या वॉरंटीचं शोरूममध्ये आधीच विचारून घ्या, क्लेमच्या वेळी वाद नको.

थार-जिमनीवाले एटी (ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यालाही चालणारे) टायर विचारतात. जंगलातल्या घरी, कच्च्या वाटेने रोज जायचं असेल तर घ्या, नाहीतर ओल्या डांबरावर साधा रस्त्याचा टायर जास्त भरवशाचा, आवाजही कमी. बीचसाठी म्हणून घेत असाल तर गोव्यात किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे.

एक अजून, बजेट कमी आहे म्हणून दोनच चांगले टायर घेऊ का असं बरेच जण विचारतात. नवीन गाडीवर असं करू नका, चारही एकसारखे ठेवा. पुढे कधी दोनच बदलायची वेळ आली तर नवीन दोन मागे लावायचे, गाडी पुढून ओढणारी असली तरी. दुकानदार पुढे लावायला सांगेल कारण पुढचे लवकर झिजतात, पण वळणावर पाण्यात मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं साध्या ड्रायव्हरच्या हातात नसतं, पुढची सुटली तर निदान ॲक्सिलरेटर सोडून गाडी परत धरता येते.