गोदामाच्या सॉफ्टवेअरचे नऊ महिने आणि चुकीच्या राज्यात गेलेला कर

मालाच्या नोंदीसाठी घेतलेले हे सॉफ्टवेअर आम्ही नऊ महिने वापरत आहोत. बारकोड आणि तारीखवार साठा ही कामे ते चोख करते, त्यामुळे मी फक्त बिलाविषयी लिहितो.

आमचा काजूचा कारखाना सावंतवाडीत आणि विक्रीचे गोदाम म्हापशात असल्याने जीएसटीच्या दोन नोंदण्या आहेत. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. सॉफ्टवेअर म्हापशासाठी होते आणि क्रमांकही गोव्याचाच भरला होता. विक्रेता पुण्याचा, म्हणजे २४,००० रुपयांच्या वार्षिक वर्गणीवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लागायला हवा होता. त्यांच्या यंत्रणेने मात्र कार्डाच्या सावंतवाडीतील पत्त्यावरून राज्य ठरवले आणि गोव्याच्या क्रमांकाखाली एकाच राज्यातल्या व्यवहाराला लागणारे दोन कर, केंद्राचा सीजीएसटी २,१६० व राज्याचा एसजीएसटी २,१६० रुपये लावले.

पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे कोणत्या खरेदीवरच्या कराचे क्रेडिट (आमच्या देय करातून वजावट) मिळेल ते दाखवणारा मासिक तक्ता, पाहिला, तर हे बिल क्रेडिट न मिळणाऱ्या बिलांत होते. पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्र दाखवले की तो कर गोव्याच्या नोंदणीला वापरता येत नाही, त्यातला सीजीएसटीही नाही. मदतकक्ष सहा आठवडे एवढेच सांगत राहिला की एकूण कर तेवढाच आहे. पण क्रेडिट बुडाले की ४,३२० रुपये आमच्या खिशातून जातात, आणि ही रक्कम दोन महिन्यांच्या वर्गणीहून जास्त आहे. एवढे पैसे मी सोडणार नव्हतो.

शेवटी आमच्या सीएंनी पत्र लिहून दिले: नोंदणीकृत ग्राहकाचे स्थान हेच पुरवठ्याचे ठिकाण, असे आयजीएसटी कायद्याचे कलम १२ सांगते, आणि राज्यांतर्गत समजून कर भरला गेला असेल तर नव्याने भरायच्या आयजीएसटीवर कलम १९ नुसार व्याज लागत नाही. विक्रेत्याला धास्ती व्याजाचीच होती, हे तेव्हा कळले. आठवड्यात जुने बिल रद्द करणारी क्रेडिट नोट आणि नवे बिल आले, आणि पुढच्या २बीमध्ये पूर्ण क्रेडिट दिसले.

तोवर मी पाचपैकी दोनच गुण देणार होतो. आता चार देतो, कारण गेल्या महिन्यापासून त्यांची यंत्रणा जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून राज्य ठरवते. मी दोन्ही क्रमांक घालून ते तपासले. एक गुण त्या सहा आठवड्यांसाठी कापला आहे. नूतनीकरणाआधी मी बिलाचा मसुदा मागवणार असून त्यावर आयजीएसटी दिसल्यावरच पैसे भरणार आहे.