चाईवर लावायचे औषध की डोक्यात इंजेक्शन?

चाईचे, म्हणजे डोक्यावरचे केस चट्ट्याचट्ट्याने गळण्याच्या आजाराचे, निदान झाले की त्वचारोगतज्ज्ञ बहुतेकदा दोन पर्याय समोर ठेवतात: स्टेरॉइडचे लोशन रोज घरी लावणे किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन थेट त्या चट्ट्यात घेणे. मी आधी तीन महिने लोशन लावले आणि नंतर चार वेळा इंजेक्शने घेतली. ज्याच्या डोक्यावर अचानक एखाददुसरा गुळगुळीत चट्टा दिसू लागला आहे आणि ज्याला आता यांतून एक निवडायचे आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. निम्म्याहून अधिक डोके रिकामे झाले असेल तर या तुलनेचा फारसा उपयोग नाही; तिथे बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्यांचा विचार होतो आणि त्यांच्या तपासण्या व जोखमी हा स्वतंत्र विषय आहे.

दोन्हींपैकी काहीही सुरू करण्याआधी चट्टा तज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहिलेला असावा, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. बुरशीच्या संसर्गानेही डोक्यावर चट्टे पडतात आणि त्यावर नुसते स्टेरॉइड लावले तर संसर्ग आटोक्यात येण्याऐवजी पसरू शकतो. माझ्या डॉक्टरांनी त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपमधून चट्ट्याच्या कडेचे तुटके केस पाहिले. ते मुळाशी बारीक आणि टोकाला जाड, म्हणजे उद्गारचिन्हासारखे होते, आणि ते दिसल्यावरच त्यांनी चाई हा शब्द उच्चारला. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते, पण मुळे नष्ट होत नाहीत, म्हणून केस परत येण्याची शक्यता कायम राहते, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

लोशनची बाजू दुबळी नाही. क्लोबेटॅसॉल हे त्यातले नेहमीचे औषध. ते लावताना दुखत नाही, वरचेवर दवाखान्यात जावे लागत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर डॉक्टर सहसा तिथूनच सुरुवात करतात, कारण डोक्यात सुया टोचून घेत स्थिर बसणे मुलांना जमत नाही. मला चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या आल्या, पण काही दिवस औषध थांबवताच त्या गेल्या आणि त्यांची मला फारशी तक्रार नाही.

माझी तक्रार वेगळीच होती. लोशन लावायचे म्हणजे सकाळी आणि रात्री आरशासमोर उभे राहायचे, केस बाजूला करायचे आणि बोटाने तो गुळगुळीत भाग शोधायचा. बोट तिथे गेले की ते नुसते औषध लावून परत येत नाही. कड कालच्यापेक्षा पुढे सरकली आहे का, एखादा खुंट हाताला लागतो आहे का, हे चाचपत राहते, आणि दिवसातून दोनदा अशी परीक्षा घेतल्यावर उरलेला दिवसही तिच्याच निकालावर जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे रोजच्या रोज पाहून काही कळणारच नव्हते, हे मला माहीत होते, तरीही हात थांबत नसे. आजार रुपयाएवढ्या जागेत होता, पण त्या औषधाने त्याला माझ्या दिवसाच्या दोन्ही टोकांना बसवून ठेवले. इतरांना हे जाणवेलच असे नाही. दात घासावेत तितक्या सहजतेने लोशन लावणारी माणसेही मी पाहिली आहेत.

इंजेक्शन दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड अतिशय बारीक सुईने, सुमारे एकेक सेंटिमीटर अंतरावर, दर ठिकाणी ०.१ मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी असे त्वचेत सोडतात, आणि टाळूची कातडी ताणलेली असल्यामुळे प्रत्येक टोचणीला डोक्यात चुरचुरते. मला एका वेळी दहाबारा टोचण्या झाल्या आणि सगळे काम पाच मिनिटांत आटोपले. दुसऱ्या खेपेनंतर एका जागी छोटा खड्डा पडला, म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांनी औषध पातळ केले; तो खड्डा काही महिन्यांत भरून आला. भुवयांसाठी तर मुळातच सौम्य प्रमाण वापरतात. सहा महिन्यांत काहीच फरक दिसला नाही तर टोचत राहू नये, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले होते.

पण दोन भेटींमध्ये चार ते सहा आठवड्यांचे अंतर असते, आणि त्या काळात मला करायचे काहीच नव्हते. चट्ट्याकडे पाहण्याचे काम डॉक्टरांचे झाले आणि माझे बोट हळूहळू तिकडे जायचे थांबले. दुसऱ्या भेटीनंतर पाचव्या आठवड्यात पांढरी, मऊ लव आली आणि पुढे तिथलेच केस काळे झाले.

हे इंजेक्शनमुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लहान चट्टे असलेल्या कितीतरी जणांचे केस वर्षभरात आपोआप परततात, आणि लोशनचा परिणामही कदाचित उशिरा दिसला असावा. सुईची खरोखर भीती असेल किंवा चट्टे रोज नव्या जागी उगवत असतील, तर लोशनने सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल. दोन वर्षांनी माझ्या कानामागे पुन्हा एक चट्टा दिसला. घरात लोशनची अर्धी बाटली शिल्लक होती. मी ती उघडली नाही, त्याच संध्याकाळी इंजेक्शनसाठी वेळ घेतली.