सप्टेंबरातला एकच शनिवार: व्हाइटहॉल की सिटीतली चर्चेस?

लंडनच्या ओपन हाउसच्या दिवसांत, म्हणजे एरवी बंद असलेल्या इमारती लोकांसाठी उघडतात तेव्हा, हाताशी एकच शनिवार असेल, तर व्हाइटहॉलच्या सरकारी इमारती पाहाव्यात की सिटीतली, म्हणजे लंडनच्या जुन्या गाभ्यातली, जुनी चर्चेस? एका दिवसात दोन्ही करायला गेलं की एकही धड होत नाही. मी दोन्ही वेगवेगळ्या वर्षी केलंय, म्हणून सांगतो.

सरकारी इमारतींची ओढ खरी आहे. परराष्ट्र खात्यातलं दरबार कोर्ट ज्या वर्षी खुलं असेल, त्या वर्षी मीही पुन्हा नाव नोंदवीन. ही मूळची इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याची बाजू. मॅथ्यू डिग्बी वायटने आखलेला तीन मजली कमानींचा चौक, लाल आणि करड्या ग्रॅनाइटचे खांब, भोवती ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलदारांचे पुतळे. आपला देश जिथून चालवला गेला तिथे उभं राहिलं की पोटात कालवतं. अशी जागा एरवी बघायला मिळत नाही, हे मान्यच.

पण एका वर्षी साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊन मी अशाच एका वेगळ्या सरकारी इमारतीत गेलो. दोन तास रांग, मग सामानाची तपासणी. तेही चाललं असतं. आत मात्र दोरी बांधलेला एकच रस्ता होता. भिंतीला खुर्च्या होत्या, पण दोरीपलीकडे. आईचे गुडघे दुखत होते, आणि छताकडे जरा मान वर केली की मागून आवाज यायचा, पुढे चला. बाहेर आल्यावर काय आवडलं म्हणून विचारलं, तर ती जिन्याला किती पायऱ्या होत्या तेवढंच बोलली. माझं मन तिथेच उडालं. कदाचित आमचा दिवस वाईट असेल. तरुण पायांना एवढं जाणवणारही नाही.

पुढच्या खेपेला आम्ही सिटीत गेलो. तिथली बरीच चर्चेस एरवी शनिवारी बंद असतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला हीच संधी. सेंट स्टीफन वॉलब्रुकमध्ये वास्तुकार क्रिस्टोफर रेनचा घुमट आठ कमानींवर तरंगल्यासारखा दिसतो. खाली शिल्पकार हेन्री मूरची दगडी गोल वेदी आणि तिच्याभोवती बाकं. आई बसली. अर्धा तास वर बघत बसली, कुणी उठवलं नाही. सेंट मेरी ॲबचर्च बाहेरून साधं विटांचं. आत गेलं की रंगवलेला घुमट, आणि वेदीमागे ग्रिनलिंग गिबन्सचं लाकडी कोरीवकाम. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्याचे सुमारे २००० तुकडे झाले होते, ते पुन्हा जुळवलेत. हे जवळ जाऊन, सांधे शोधत बघावं.

आणि आपल्या माणसांसाठी आणखी एक. तिथून थोडं चालत गेलं की लेडनहॉल स्ट्रीट. लॉइड्सची इमारत आहे तिथे पूर्वी कंपनीचं ईस्ट इंडिया हाउस होतं. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन आलेले रंगो बापूजी १८५३ पर्यंत याच कंपनीकडे दाद मागत राहिले. त्याच रस्त्यावरचं सेंट कॅथरीन क्री चर्च लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीतून वाचलेलं, म्हणजे त्यांच्याही नजरेला पडलेलं असणार. आई त्याच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती.