पाहुण्यांच्या इंटरनेटला मोजमाप: मायक्रोटिकच्या हॅप एसी२ राउटरचा अनुभव

दापोलीजवळच्या आमच्या चार खोल्यांच्या निवासात इंटरनेटची जोडणी एकच आहे आणि पाहुणे, आरक्षणाचे काम व मुलीचा ऑनलाइन वर्ग हे सगळे तिच्यावरच चालते. योजनेत महिन्याला ४०० जीबीची मर्यादा आहे. ती ओलांडली की वेग इतका घसरतो की साधा यूपीआय व्यवहारही पुढे सरकत नाही. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सोळा तारखेलाच ही वेळ आली. गाडीत सामान भरून झालेले कुटुंब बिल भरण्यासाठी पडवीत ताटकळत उभे राहिले, याचे मला फार वाईट वाटले.

दोष पाहुण्यांचा नव्हता. एचडी चित्रासाठी तासाला ३ जीबीपर्यंत आणि अल्ट्रा एचडीसाठी ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, असे नेटफ्लिक्स स्वतःच सांगते. चारही खोल्यांत रोज दोन तास एचडी चित्रपट पाहिला गेला, तर दिवसाला २४ जीबी सहज संपतात. बहुतेक घरगुती राउटरमधील ‘गेस्ट नेटवर्क’ पाहुण्यांना आपल्या उपकरणांपासून वेगळे ठेवते, पण कोणी किती डेटा वापरला हे मोजून ठराविक आकड्यावर थांबवत नाही.

म्हणून लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीचा हॅप एसी२ हा छोटा राउटर घेतला. त्यात पाच गिगाबिट पोर्ट आहेत, वाय-फायचे दोन्ही बँड आहेत आणि मुख्य म्हणजे त्याच्या राउटरओएस प्रणालीत ‘हॉटस्पॉट’ ही, म्हणजे लॉगिन केल्यावरच इंटरनेट देणारी, सोय अंगचीच आहे. सोबत येणाऱ्या परवान्यात एका वेळी २०० जण त्यातून लॉगिन करू शकतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना वेगळा खर्च पडत नाही. पाहुण्याने वाय-फाय जोडले की लॉगिनचे पान उघडते. ते साधे एचटीएमएल असल्याने मी त्यातील मजकूर मराठीत लिहिला. आता सकाळच्या चहाबरोबर प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी दिली जाते आणि तिच्यावर २ जीबी मिळतात. आतापर्यंत किती डेटा वापरला, हे पाहुण्याला स्थितीच्या पानावर स्वतःच पाहता येते, आणि माझ्या मते या राउटरचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, कारण आकडा समोर असला की मर्यादेबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

मांडणी मात्र सोपी नाही. मर्यादा बाइटमध्ये भरावी लागते, म्हणजे २ जीबीसाठी २१४७४८३६४८. वेगाची मर्यादा राउटरच्या बाजूने वाचायची असते. ‘२एम/५एम’ लिहिले की पाहुण्याला अपलोड २ आणि डाउनलोड ५ एमबीपीएस मिळते, आणि आकडे उलटे पडले की सगळेच उलटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ मांडणीतल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या नियमांमध्ये, ‘फास्टट्रॅक’ नावाचा नियम असतो. त्यातून जाणारी वाहतूक वेगावर बंधन घालणाऱ्या रांगांना (क्यू) वगळून पुढे निघून जाते, त्यामुळे तो नियम बंद केल्याशिवाय वेगाच्या मर्यादेवर विसंबू नये. ज्यांना एखादा रविवार यासाठी देता येणार नाही, त्यांनी जाणकाराकडूनच हे काम करून घ्यावे.

चिठ्ठीशिवाय काही वेळ मोफत देणारी ‘ट्रायल’ ही सोयही यात आहे, पण ती उपकरण मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या नेटवर्कवरील ओळख क्रमांकावरून, ओळखते आणि हल्लीचे फोन तो पत्ता बदलू शकतात, म्हणून मी ती वापरत नाही.

खोल्यांमधल्या टीव्हींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यावर लॉगिनचे पान नीट उघडत नाही, म्हणून त्यांना ‘आयपी बाइंडिंग’ या सोयीतून लॉगिनशिवाय थेट वाट द्यावी लागते आणि मग हॉटस्पॉटची डेटामर्यादा त्यांना लागू होत नाही. त्यावर उपाय म्हणून मी प्रत्येक टीव्हीला कायमचा आयपी पत्ता दिला आणि त्याच्यासाठी ४ एमबीपीएसची स्वतंत्र रांग लावली. त्या वेगाने टीव्ही सलग चालला तरी तासाला जास्तीत जास्त १.८ जीबी खर्च होतात, आणि बैठकीच्या खोलीतल्या ३२ इंची पडद्यावर चित्र तेवढ्यातही स्वच्छ दिसते.