नेब्युलायझर, आठ महिन्यांनंतर: मशीन ठीक, फिल्टर म्हणजे शुद्ध लूट

नेब्युलायझर म्हणजे पातळ औषधाचा धुक्यासारखा बारीक फवारा करून तो मास्कमधून छातीत पोचवणारं मशीन. आमचा कॉम्प्रेसरवाला, डिसेंबरात १,९०० रुपयांना घेतलेला, साडेतीन वर्षांच्या नातीसाठी. घर मानपाड्याला, खिडकी घोडबंदर रोडच्या बाजूला. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरशी भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी फिल्टर. शर्टाच्या बटणाएवढी पांढरी चकती. मशीन हवा ओढतं तिथे बसते. पाचांचं पाकीट २५० रुपये! मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं मेंटेनन्सला काढली, कॉम्प्रेसरच्या पोटातले फिल्टर या हातांनी बदललेत. या चकतीत दोन रुपयांचाही माल नाही. आणि मेट्रोच्या कामाच्या धुळीत ती महिन्याभरात करडी पडते. एकदा मी फिशटँकचा स्पंज कापून बसवला. सुनेने बघितलं. "बाबा, हे तिच्या छातीत जाणार आहे," एवढंच म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिचं बरोबर होतं. तुम्ही असले उद्योग करू नका. पण दर लुटीचाच आहे, हे मी शेवटपर्यंत म्हणणार.

दुसरं म्हणजे आवाज. रात्री दोनला लावलं की खालच्या मजल्यावरचे सकाळी लिफ्टमध्ये विचारतात, "रात्री मिक्सर लावला होता का?" नात त्याला घुर्रबाबा म्हणते आणि मास्क दिसला की रडते. रडत्या मुलाच्या छातीत औषध फार कमी पोचतं हे नंतर कळलं. आम्ही मास्क तोंडापासून चार बोटं लांब धरून वाफ सोडत होतो, तिला त्रास नको म्हणून. म्हणजे औषध पडद्याला दिलं.

मार्चमध्ये वाफ कमी झाली. दहा मिनिटांचं औषध पंचवीस मिनिटं चाले, मशीन तापे आणि मध्येच बंद पडे. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "काका, पंप गेला. साडेआठशे. आत ओलावा गेलाय, वॉरंटीत बसत नाही." मी तिथे जो आवाज चढवला तो मशीनपेक्षा मोठा होता. एक पैसा न देता घरी आणलं. नळीच्या टोकावर अंगठा धरला, तर हवा अगदी ठणठणीत! म्हणजे पंप शाबूत. दोष औषधाच्या कपात होता, त्यातलं बारीक भोक चोंदलेलं. आम्ही कप नळाखाली धुऊन ओलाच डब्यात टाकत होतो. मास्क, कप आणि नळीचा नवा सेट १८० रुपयांना आणला, मशीन पहिल्यासारखं. तेव्हा यातली निम्मी चूक आमची. पण अंगठा लावून बघायला त्या माणसालाही कुणी अडवलं नव्हतं.

एप्रिलमध्ये हे लिहिलं असतं तर पाचपैकी चार तारे दिले असते. जुलैने मत बदललं.

धो धो पाऊस, रात्री एकला लाईट गेली. इन्व्हर्टरवर आमचे फक्त पंखे आणि दिवे, प्लग नाहीत. नातीला आधी दोन दिवस सर्दी होतीच, आता छातीत शिट्टी वाजायला लागली. मुलाने गाडी काढली. ठाण्यातल्याच एका मुलांच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सिस्टरने आधी मुलीचा फ्रॉक वर केला आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ४६. एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना ४० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर तो जलद धरतात. फासळ्यांखाली खड्डाही पडत होता. मग तिने काढला औषधाचा हातात मावणारा पंप, म्हणजे इन्हेलर, आणि त्याला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं, म्हणजे स्पेसर, पुढे मास्क.

मी म्हणालो, "मशीन नाही का तुमच्याकडे? आम्ही घरीसुद्धा मशीन वापरतो."

डॉक्टर बाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, औषध तेच आहे. स्पेसरमधून नीट दिलं तर अशा अटॅकला मशीनइतकंच काम करतं, आणि औषधाने होणारी छातीची धडधड मशीनपेक्षा कमी होते. मशीन आहे आमच्याकडे, फार त्रास असेल, ऑक्सिजन लागत असेल तर लावू." तासाभरात शिट्टी उतरली. नात मास्क धरून स्वतः श्वास मोजत होती, तीननंतर एकदम सात.

स्पेसर ४२० रुपयांना आला. वीज नको, आवाज नाही, आणि फिल्टर नाही! पंप हलवायचा, एकदा दाबायचा, मास्क घट्ट ठेवून पाच-सहा श्वास, मग पुढचा दाब. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि पुसायचा नाही, तसाच वाळवायचा. पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. केसांत कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलायचो आपण, तेच. एवढी गोष्ट डब्यावर ठळक का छापत नाहीत?

त्याच डॉक्टर बाईंनी पुढच्या भेटीत 'बालदमा' हा शब्द उच्चारला आणि घरात सुतक पडलं. माझी बायको म्हणे, "पंपाची सवय लागते." नाही लागत. रोजचा जो पंप दिलाय त्यात स्टिरॉइड आहे, पण मायक्रोग्रॅममध्ये. तोंडाने देतात ते औषध मिलिग्रॅममध्ये असतं, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. हा हिशोब मांडल्यावर ती गप्प झाली. तो घेतल्यावर चूळ भरायची, चेहरा पुसायचा, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते. पंप किती उरलाय ते हलवून कळत नाही. आमच्या पंपावर आकडा नाही, म्हणून मी कालनिर्णयवर रेघा मारतो, २०० दाब झाले की नवा. उदबत्ती आणि डासांची कॉईल बंद केली. उदबत्तीवरून वाद चालू आहे.

तर मशीनला तीन तारे. चांगलं आहे, पण आमच्या घरात त्याची गरज नव्हती, आणि डिसेंबरात हे कुणी सांगितलं असतं तर पंधराशे वाचले असते. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्यांच्या बाळाला डॉक्टरांनी नेब्युलायझर लिहून दिला, त्यांनी आमचा मागितला. कप-मास्क ज्याचा त्याचा हवा म्हणून नवा सेट आणायला सांगितला. मशीन दिलं, अंगठ्याची युक्ती दाखवली. पाकिटात पाच फिल्टर होते. तीन दिलेत.