पहाटे पाचपासून कानाशी: ‘वे टू अर्ली’ आणि ‘मॉर्निंग जो’, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे पहाटे पाचला कढईत मोहरी तडतडते, त्याच सुमाराला ओट्याशेजारच्या टीव्हीवर एमएसएनबीसी (आता ‘एमएस नाऊ’) या अमेरिकी वृत्तवाहिनीवरचं ‘वे टू अर्ली’ सुरू होतं. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि मॅनहॅटनमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सकाळची पाळी करते. ऑगस्टअखेर पाळी बदलली, तेव्हापासून हा नेम आहे. पाच ते सहा ‘वे टू अर्ली’, डबे भरता भरता, अर्ध्या लक्षाने. सहापासून पुढे त्याच वाहिनीवरचं ‘मॉर्निंग जो’, आगगाडीत, फक्त कानाने. आठ महिने झाले. “केबल अजून ठेवलीयस?” असं मैत्रिणी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

पहिला महिना वैतागात गेला. सकाळच्या बातम्या म्हटलं की माझ्या डोक्यात आकाशवाणी. आधी ठळक बातम्या, मग सविस्तर, शेवटी पुन्हा ठळक, नमस्कार. बाबांची दाढी आणि प्रादेशिक बातम्या एकाच वेळी संपायच्या. इथे चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, त्यातला एक जण श्वास न घेता सात-आठ मिनिटं बोलतो, बाकीचे माना डोलावतात, मधेच कोणीतरी वर्तमानपत्रातला लेख मोठ्याने वाचून दाखवतं. नवरा दुसऱ्याच दिवशी म्हणाला, “हे बातम्या देत नाहीत गं, बातम्यांवर गप्पा मारतात.” बरोबर होतं त्याचं. मग मला प्रश्न पडला, की बातम्यांच्या वाहिनीने आपली सकाळ गप्पांना दिलीच कशी? शोधायला बसले, तर सगळी गोष्ट माझ्याच रेल्वेमार्गावर घडलेली निघाली.

एडिसनच्या अलीकडचं स्टेशन न्यू ब्रन्सविक. माझी गाडी तिथूनच येते. रटगर्स विद्यापीठाचं गाव. त्याचा या कार्यक्रमाशी काय संबंध, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मायक्रोसॉफ्ट आणि एनबीसी यांनी मिळून जुलै १९९६ मध्ये एमएसएनबीसी ही केबल वाहिनी काढली. सकाळी काय दाखवायचं यावर त्यांनी स्वस्तातला तोडगा काढला. न्यूयॉर्कच्या रेडिओवर डॉन आयमस यांचा सकाळचा कार्यक्रम जोरात चालत होता, तिथेच कॅमेरे लावून दिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून एक माणूस काउबॉय टोपी घालून माईकसमोर बसतो, पाहुण्यांना टोमणे मारतो, राजकारणी त्याच्याकडे रांग लावतात, हे सगळं टीव्हीवर दिसू लागलं. म्हणजे ही वेळ मुळात रेडिओची. टीव्ही नुसता खिडकीतून डोकावत होता.

हे दहा वर्षं चाललं. एप्रिल २००७ मध्ये रटगर्सचा मुलींचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेनेसीकडून हरला. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिलला, आयमस त्या मुलींबद्दल इतकं हलकट, वंशद्वेषी बोलले की ते इथे लिहावंसंही वाटत नाही. आधी माफी, मग निलंबनाची घोषणा, मग जाहिरातदारांनी काढता पाय घेतला. ११ तारखेला एमएसएनबीसीने कार्यक्रम बंद केला आणि १२ तारखेला मूळ कार्यक्रम चालवणाऱ्या सीबीएस रेडिओने त्यांना काढूनच टाकलं. त्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर पत्रकार परिषदेत किती शांतपणे बोलल्या, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

वाहिनीला आता रोज सकाळी तीन तासांचं भगदाड. वेगवेगळे सूत्रसंचालक आजमावले गेले. त्यांत जो स्कारबरो होते, फ्लोरिडाचे माजी रिपब्लिकन खासदार. त्याच वाहिनीवर ते रात्रीचा कार्यक्रम करत होते. त्यांच्या जोडीला मिका ब्रेझिन्स्की आल्या. सीबीएसमधली नोकरी गेल्यावर त्या इथे अधूनमधून छोट्या बातम्या वाचायचं साधं काम करत होत्या. तिसरे विली गाइस्ट, कोरड्या विनोदाचे. बघता बघता हे तिघंच टिकले, आणि त्याचंच ‘मॉर्निंग जो’ झालं. तेव्हा वाहिनीचा स्टुडिओ होता सिकॉकसला. हो, तेच सिकॉकस, जिथे आपण सगळे जिने चढत-उतरत गाडी बदलतो. २००७ च्या शरद ऋतूत हे बिऱ्हाड मॅनहॅटनला रॉकफेलर सेंटरमध्ये गेलं. सिकॉकसच्या जागेत पुढे बेसबॉलची वाहिनी आली, १ जानेवारी २००९ ला सुरू झालेली. अंधारात सिकॉकस गेलं की मला दर वेळी गंमत वाटते. कानात जे चाललंय ते इथल्याच कुठल्यातरी खोलीत जन्मलं.

हे कळल्यावर माझा वैताग निम्मा कमी झाला. आपण बातमीपत्र समजून ज्याच्यावर चिडत होतो, तो कॅमेरे लावलेला रेडिओच आहे. रेडिओवर माणसं बडबडणारच.

तरी बातमी म्हणजे काय यावरून तिथे एकदा खरंखुरं भांडण झालंय, आणि तेही थेट प्रक्षेपणात. २६ जून २००७. पॅरिस हिल्टन तुरुंगातून सुटली, तीच पहिली बातमी म्हणून मिकांच्या हातात दिलेली. आदल्याच दिवशी रिचर्ड लुगार या वजनदार रिपब्लिकन सिनेटरने इराक युद्धावरून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यापासून फारकत घेतली होती, आणि ती बातमी मागे. मिकांनी वाचायला साफ नकार दिला. लायटर घेऊन कागद पेटवायला गेल्या, तो काढून घेतला गेला. मग फाडला. पुढच्या तासाला तीच बातमी पुन्हा पुढ्यात आली, तर उठून सरळ कागद कातरायच्या यंत्रात घातली. शेजारचे दोघे त्यांची टर उडवत होते, हेही त्यात दिसतं. मी ती फीत तीनदा पाहिली. आपल्या नमुन्यावर चुकीचं लेबल आलं की मीही अशीच उठते, फक्त माझ्याकडे लायटर नसतो.

त्यांच्या वडिलांचाही एक किस्सा सांगायलाच हवा. झ्बिग्निएव्ह ब्रेझिन्स्की, जिमी कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. डिसेंबर २००८ मध्ये ते लेकीच्याच कार्यक्रमात पाहुणे होते. विषय इस्राएल-पॅलेस्टाइन. जो नेहमीच्या झोकात बोलत होते. म्हाताऱ्याने शांतपणे त्यांना सांगितलं, की तुमचं या विषयाचं ज्ञान थक्क व्हावं इतकं उथळ आहे, ऐकतानाच लाज वाटते. शेजारी मिका बसलेल्या! पुढे २०१८ मध्ये मिका आणि जो यांनी लग्न केलं. सासरेबुवा त्याआधीच, २०१७ मध्ये गेले होते. एरवी त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर काय काय झालं असतं याचा विचार मी गाडीत पुष्कळदा केलाय.

‘वे टू अर्ली’ हे ‘मॉर्निंग जो’चं पिल्लू. जुलै २००९ मध्ये विली गाइस्ट यांना साडेपाचचा अर्धा तास दिला. नावातच कबुली, की ही वेळ जरा अतीच झाली. त्यात प्रेक्षकांना विचारायचे, तुम्ही या वेळी जागे का आहात? लोक ईमेल करायचे, शेवटी त्यातली निवडक उत्तरं वाचली जायची. जुन्या फिती शोधून ऐकल्या. लहान बाळं, रात्रपाळ्या, विमानं गाठायची घाई, न आलेली झोप. मला हा भाग सगळ्यांत आवडला, आणि तोच आता तसा राहिलेला नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं: तीन डबे, एकात भाजी बिनकांद्याची.

गाइस्ट २०१२ मध्ये तिथून निघाले, मग सूत्रसंचालक बदलत गेले, मधे काही वर्षं नावही गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये केसी हंट यांच्याबरोबर ते परत आलं, आता पाच वाजता आणि पूर्ण तासाचं. हंट पुढे सीएनएनला गेल्या आणि तिथेही त्यांना पहाटच मिळाली. २०२२ च्या सुरुवातीपासून जोनाथन लेमिर, २०२५ मध्ये अली व्हिटाली. घड्याळ मागे सरकवायचा हा सोस मजेशीर आहे. पहाटेची जागा स्वस्त, स्पर्धा कमी, म्हणून आधी अर्धा तास मागे, मग आणखी अर्धा. दुसऱ्या टोकालाही तेच, ‘मॉर्निंग जो’ला एप्रिल २०२२ मध्ये चौथा तास जोडला, तेव्हा सहा ते दहा. इतके तास एकच माणसं बोलत राहणार म्हटल्यावर सहाचं आठला पुन्हा ऐकू येणारच. माझी पाळी सातची, त्यामुळे मी त्यातून वाचते.

आता वापराचं. बातम्या हव्या असतील तर ‘वे टू अर्ली’ची पहिली बारा-पंधरा मिनिटं पुरतात, खरंच पुरतात. रात्रीत काय झालं, संसदेत आज काय आहे, हवामान. त्यानंतरचं सगळं सोबत म्हणून. सोबत हवी नसेल तर हा कार्यक्रम तुमच्यासाठी नाही, एवढं स्पष्ट सांगते.

कानाने ऐकण्यातही एक मेख आहे. स्टीव्ह रॅटनर येतात, ओबामांच्या काळात वाहन उद्योगाला सावरण्याचं काम ज्यांच्याकडे होतं ते, आणि आलेख दाखवायला लागतात. “ही लाल रेघ बघा.” मी मेट्रोपार्कच्या फलाटाकडे बघत असते. ते आलेख चांगले असतात, आकडे नीट समजावतात, म्हणून घरी येऊन शोधते. नेवार्कपर्यंत आवाज नीट येतो. सिकॉकसनंतर हडसन नदीखालच्या बोगद्यात बंद पडतो. बाहेर आलं की तोच माणूस त्याच मुद्द्यावर असतो. काही चुकल्याचं आठ महिन्यांत एकदाही वाटलं नाही, आता याला तक्रार म्हणा की कौतुक.

केबल कंपनीचं नाव घेत नाही, पण रेकॉर्डिंगच्या डबीने मला दोनदा दगा दिला. नोव्हेंबरात घड्याळं बदलली, तर डबी आठवडाभर जुन्याच वेळेत. फोन लावला तर “बंद करून चालू करा”. तो सल्ला मी रुग्णालयातल्या यंत्रांसाठी रोजच देते, त्यामुळे रागावताही आलं नाही. बिलाचं मात्र बोलू नका. निव्वळ या दोन कार्यक्रमांसाठी तेवढे पैसे भरावेत असं मी कोणालाही सांगणार नाही. ‘मॉर्निंग जो’चे तुकडे पॉडकास्टवर फुकट मिळतात.

जाहिराती पुष्कळ. पण यांचा तो जुना धंदाच आहे. जून २००९ पासून काही काळ स्टारबक्स हे अधिकृत प्रायोजक होते, कार्यक्रमाच्या नावालाच कॉफीचं नाव चिकटवलेलं. त्याआधीही टेबलावर त्यांचे कप असायचे, फुकटात. आमच्या ओट्यावर आल्याचा चहा, त्याला प्रायोजक नाही.

राजकारणाबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण त्या विकतच्या वस्तूच्या गुणदोषातच येतात. २०१५-१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प इथे वारंवार फोनवरून बोलायचे, तेव्हा त्यांना फार मोकळीक दिली अशी टीका झाली. पुढे कडाक्याचं फाटलं. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ट्विटरवर मिकांवर अत्यंत खालच्या पातळीवर जाऊन लिहिलं, त्याच जुलैत जो यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये, निवडणुकीनंतर, दोघं जण फ्लोरिडाला जाऊन ट्रम्प यांना भेटून आले, आणि रोजचे प्रेक्षक इतके दुखावले की आकडे घसरले. मला त्या भेटीपेक्षा दुखावणारे प्रेक्षक समजले. बातमीदार कोणालाही भेटला तर कोणी रुसत नाही. रोज सकाळी आपल्या स्वयंपाकघरात येणारा माणूस आपल्याला न सांगता तिकडे गेला, म्हणून लोक रुसले.

दुसरी गोष्ट जुलै २०२४ ची. शनिवारी ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि सोमवारी, १५ तारखेला, वाहिनीने ‘मॉर्निंग जो’ लावलाच नाही, साध्या बातम्या दिल्या. खरी मोठी बातमी आली त्या सकाळी गप्पांचं टेबल रिकामं ठेवलं. जो यांनी दुसऱ्या दिवशी यावर जाहीर नाराजी बोलून दाखवली. मला दोन्ही बाजू पटतात, पण वाहिनीला आपल्या सकाळचा भरवसा वाटला नाही हे लपत नाही.

माझ्या वापराच्या काळात, १५ नोव्हेंबर २०२५ ला, वाहिनीचं नावच बदललं. एनबीसीच्या मालक कंपनीने, कॉमकास्टने, वाहिन्यांचा गठ्ठा वेगळ्या कंपनीत काढला आणि एमएसएनबीसीचं ‘एमएस नाऊ’ झालं. रॉकफेलर सेंटर सोडून टाइम्स स्क्वेअरजवळ नवी जागा. ऐकणाऱ्याला काय फरक पडला? दोन दिवस नाव उच्चारताना ते अडखळले, बस्स. माझ्या डबीवर जुनं नाव त्यानंतरही बरेच दिवस होतं.

बुधवारी माझी सुट्टी असते, तेव्हा सातच्या सुमाराला पुण्याला आईला फोन लावते. उन्हाळ्यात तिकडे साडेचार, चहाची वेळ. हिवाळ्यात साडेपाच होतात आणि “तुमची घड्याळं हलली की माझं फिरणं चुकतं” हे ऐकावं लागतं. सुरुवातीला ती विचारायची, “एवढ्या सकाळी कोण आलंय गं तुमच्याकडे?” कोणी नाही, टीव्ही आहे, असं किती वेळा सांगितलं. इंग्रजी बोलणं फोनवरून तिला अर्धंमुर्धंच कळतं. परवा बुधवारी जो आले नव्हते, दुसरंच कोणीतरी टेबल सांभाळत होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. आई बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, “तुझ्याकडचा तो मोठ्याने बोलणारा आज नाही आला का गं? बरा आहे ना?”